पाळक नसताना प्रभुभोजन कोणी द्यावं? सर्व विश्वासणाऱ्यांचं याजकपण आणि मंडळीची नेमणूक

ताई, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी मांडतो. तुमच्या गावची मंडळी लहान आहे. पाळकसाहेबांकडे बरीच गावं असल्यामुळे त्यांचं येणं दीड-दोन महिन्यांनी होतं. संडे स्कूल तुम्ही चालवता आणि पाळक नसतात त्या रविवारी उपासनाही घेता. मंडळीतल्या एक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत आणि प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, मागताहेत. "मी दिलं तर चालेल का?" असं तुम्ही पाळकांना फोनवर विचारलंत. त्यांनी नाही म्हटलं आणि वर मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाची आठवण करून दिली. तालुक्याच्या गावी भरणाऱ्या प्रार्थनासंगतीत मात्र तुम्हाला सांगण्यात आलं की १ पेत्र २:९ प्रमाणे प्रत्येक विश्वासणारा याजक, म्हणजे देवापुढे यज्ञ अर्पण करणारा, आहे, तेव्हा कोणाला काही विचारायची गरज नाही. दोघांपैकी बरोबर कोण, असं तुम्ही विचारता.

माझं आयुष्य पाळकीय सेवेत गेलं, तेही बहुतेक नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. याजकपण तुमचं आहे, पूर्णपणे आहे, आणि ते तुम्हाला कोणत्याही पाळकाने दिलेलं नाही. पण प्रभुभोजन देणं म्हणजे मंडळीच्या वतीने उभं राहणं, आणि मंडळीच्या वतीने उभं राहायला मंडळीने नेमावं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एकीकडे पाळक मालक होतो आणि दुसरीकडे प्रत्येक जण स्वतःपुरती मंडळी होतो. तुमच्या दोन्ही सल्लागारांनी ही गल्लत आपापल्या सोयीने केलेली आहे.

आता पेत्राचं वचन. ते ज्यांना लिहिलं ते लोक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया या प्रांतांत पांगलेले होते. त्यांच्यात गुलाम होते, विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांच्या बायका होत्या. त्या सगळ्यांना मिळून पेत्र "राजकीय याजकगण", म्हणजे राजाचे याजक, म्हणतो. हे त्याने स्वतः रचलेलं नाही. निर्गम १९ मध्ये सीनाय पर्वतापाशी देवाने इस्राएलला जे सांगितलं, तेच तो अन्यजातींतून आलेल्या या लोकांना लागू करतो. प्रकटीकरणातही हेच येतं: ख्रिस्ताने आपल्या रक्ताने आपल्याला मुक्त करून देवासाठी याजक केलं (१:६, ५:१०). तेव्हा "हे सगळ्या विश्वासणाऱ्यांचं आहे का?" याला शास्त्रात एकच उत्तर आहे, हो. बाया, गुलाम, अडाणी, कालच बाप्तिस्मा घेतलेला, सगळे त्यात येतात.

पण त्याच अध्यायात, चार वचनं आधी, याजकांनी काय करायचं तेही लिहिलेलं आहे: आध्यात्मिक यज्ञ अर्पण करायचे. आणि नवव्या वचनात पुढे आहे की ज्याने अंधारातून प्रकाशात बोलावलं त्याचे गुण जगापुढे सांगायचे. हे यज्ञ कोणते, ते इतर पत्रांतून उलगडतं. रोम १२:१ मध्ये स्वतःचं शरीर अर्पण करणं आहे. इब्री १३:१५-१६ मध्ये स्तुती, परोपकार आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं आहे. प्रभुभोजन कोणी द्यायचं हा विषय पेत्राच्या डोळ्यांसमोर तिथे नाहीच. त्या वचनातून तो अधिकार काढून दाखवणारे वचनाला त्याच्या जागेवरून ओढून आणतात. प्रार्थनासंगतीतल्या तुमच्या बंधूंचा हेतू चांगला असेल, पण त्यांनी वचन अर्धंच वाचलं.

पाळकसाहेबांकडे वळण्याआधी इब्री लोकांस पत्राबद्दल बोललं पाहिजे, कारण या प्रश्नाचा कणा तिथे आहे. जुन्या करारातला महायाजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, पडद्यामागच्या सर्वांत आतल्या परमपवित्रस्थानात जायचा, तेही रक्त घेऊन. पत्रलेखक सांगतो की येशू हा आता कायमचा महायाजक आहे. त्याचा यज्ञ एकदाच झाला आणि तो पुन्हा करावा लागत नाही. म्हणून १०:१९-२२ मध्ये तो सगळ्या वाचकांना म्हणतो की धैर्याने आत या. पडदा बाजूला झाला आहे. देव आणि तुम्ही यांच्यात ख्रिस्ताखेरीज कोणी मध्यस्थ उरलेला नाही. म्हणूनच नव्या करारात मंडळीतल्या सेवकांना प्रेषित, वडील, अध्यक्ष, सेवक, पाळक, शिक्षक अशी नावं मिळतात, पण कोणालाही पदाचं नाव म्हणून याजक म्हटलेलं आढळत नाही. याजक म्हटलंय ते ख्रिस्ताला आणि सगळ्या मंडळीला.

तेव्हा एखादा पाळक "माझ्यामार्फतच देव तुमचं ऐकेल" असं वागत असेल, तर तो ख्रिस्ताच्या जागेवर हात घालतो आहे. हल्ली तर हे फार वाढलंय. "पास्टरांची प्रार्थना जास्त चालते" म्हणून लोक रांगा लावतात आणि तेलाच्या बाटल्या घेऊन जातात. काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." हे वचन स्तोत्र १०५ मधलं आहे, आणि तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, देशोदेशी परके म्हणून हिंडणारं एक कुटुंब. राजांनी त्यांचा छळ करू नये म्हणून देवाने दिलेली ती ताकीद आहे. मंडळीच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला ती दिलेली नाही. शिवाय योहान आपल्या पहिल्या पत्रात (२:२०, २७) सगळ्या विश्वासणाऱ्यांना सांगतो की तुम्हाला अभिषेक झालेला आहे. त्या अर्थाने तुमच्या आजीही अभिषिक्त आहेत.

हे मी इतक्या जोराने सांगतो त्याला एक कारण आपल्याच मातीतलं आहे. नगर भागात मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मोठ्या प्रमाणात महार आणि मांग घरांतून. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, ज्यांची सावली टाळली जात होती, त्यांच्या कानावर "तुम्ही याजक आहात" हे शब्द पडले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरात शिरण्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, हे लक्षात घेतलं की त्या शब्दांचं वजन कळतं. इथे कोणी गाभाऱ्याबाहेर नाही, हाच तर शुभवर्तमानाचा भाग होता. अशा लोकांच्या नातवंडांपुढे पाळकाने नवा उंबरठा घालून बसावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता कोरह. गणना १६ मध्ये कोरह, दाथान, अबीराम आणि अडीचशे सरदार मोशे-अहरोनाविरुद्ध उठतात. त्यांचं म्हणणं असं की सगळी मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का वर चढून बसलात? पाळकसाहेबांना हा प्रसंग का आठवला ते कळतं, पण तो तुम्हाला लागू करण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे कोरहाला पद हवं होतं. तो लेवी होता, निवासमंडपाची सेवा त्याच्याकडे होतीच आणि त्याला वर अहरोनाचं याजकपणही पाहिजे होतं, असं मोशे त्याच्या तोंडावर सांगतो. तुम्ही आजारी म्हातारीसाठी परवानगी मागितलीत. परवानगी मागणाऱ्याला बंडखोर म्हणणं अन्याय आहे. दुसरी अडचण मोठी आहे. अहरोनाचं याजकपण ख्रिस्तात पूर्ण झालं, असं इब्री लोकांस पत्र सांगतं. मग अहरोनाच्या जागी आज पाळकाला बसवता येत नाही. जो पाळक स्वतःला अहरोन समजून तुम्हाला कोरह म्हणतो, त्याने मधला सगळा नवा करार ओलांडलेला असतो.

तरीही त्या प्रसंगातून एक गोष्ट शिकण्यासारखी उरते. सगळ्या इस्राएलला "याजकांचं राज्य" म्हटलं गेलं निर्गम १९ मध्ये, आणि अहरोनाच्या घराण्याची नेमणूक झाली निर्गम २८ मध्ये. म्हणजे सगळे याजक आहेत आणि काहींना विशिष्ट काम नेमून दिलेलं आहे, या दोन गोष्टी पहिल्यापासून शेजारीशेजारी आहेत. नव्या करारात काम बदललं, नेमणूक राहिली. यरुशलेमात विधवांच्या वाटपाचा प्रश्न आला तेव्हा मंडळीने सात जण निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले, म्हणजे प्रार्थना करून काम सोपवलं. पौल आणि बर्णबाने प्रत्येक मंडळीत वडील नेमले (कृत्ये १४:२३). पौल तीमथ्याला बजावतो की कोणावर घाईने हात ठेवू नकोस (१ तीमथ्य ५:२२). घाई करू नये असं सांगावं लागतं ते काहीतरी खरोखर सोपवलं जातं म्हणूनच.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडलेला उतारा याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौदाव्या वचनात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. आणि सोळाव्या वचनात एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं आहे. दोन वचनांच्या अंतरावर नेमलेले वडीलही आहेत आणि सगळे जणही आहेत. याकोबाला त्यात काही विरोध दिसला नाही, आणि एक आलं म्हणून त्याने दुसरं काढून टाकलं नाही.

सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचं नाव निघालं की धर्मसुधारक मार्टिन लूथर आठवतोच, आणि बहुतेक वेळा तोही अर्धाच सांगितला जातो. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने ठणकावलं की बाप्तिस्म्यातून जो बाहेर आला तो याजकच झाला. पोप, बिशप, शेतकरी, चांभार यांच्यात दर्जाचा फरक नाही, कामाचा आहे. तिथेच त्याने एक कल्पना मांडली. काही साध्या विश्वासणाऱ्यांना कैद करून ओसाड रानात नेऊन सोडलं आणि त्यांच्यात दीक्षित (हात ठेवून रीतसर नेमलेला) याजक कोणीच नसला, तर त्यांनी एकमताने आपल्यातल्या एकाला निवडावं आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपदेश त्याच्याकडे सोपवावा. जगातल्या सगळ्या बिशपांनी हात ठेवले असते तर तो जितका खरा याजक झाला असता, तितकाच तो खरा. या उदाहरणाचा पहिला भाग लोकांना फार आवडतो. पण नीट वाचा, त्या रानातसुद्धा ते निवडतात. कोणी आपण होऊन उठून भाकर मोडत नाही. लूथरचं म्हणणंच असं आहे की जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांच्या संमतीशिवाय एकाने स्वतःकडे घेऊ नये. दहा वर्षांनी, १५३० मध्ये, ऑग्सबर्गच्या विश्वासकबुलीत चौदावं कलम हेच सांगतं: रीतसर बोलावणं झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीर शिकवू नये आणि विधी चालवू नयेत.

आता यातलं बरंच काही तुमची मंडळी कुठली यावर अवलंबून आहे. तुम्ही कॅथलिक असता तर उत्तर वेगळं असतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट म्हटलं की बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांचं याजकपण खरं आहे, पण दीक्षित धर्मगुरूंचं याजकपण त्याहून केवळ पायरीने वेगळं नाही, ते मुळातच वेगळं आहे. तिथे फादरांशिवाय मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, होत नाही. मात्र मिस्सामध्ये पवित्र झालेली भाकर आजाऱ्याच्या घरी नेऊन देण्याचं काम, नेमणूक झालेल्या प्रापंचिक (दीक्षा न घेतलेल्या) बाया-पुरुषांना १९७० च्या दशकापासून मिळालेलं आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. उलट टोकाला क्वेकर मंडळी आहेत, ती पाण्याचा बाप्तिस्मा आणि भाकर-द्राक्षारस हे विधीच करत नाहीत. ब्रदरन संगतींत दीक्षित पाळक नसतो. भाऊ मिळून भाकर मोडतात. पण तिथेही वडील असतातच, आणि कोण उठून काय करणार याला मर्यादा असतात.

तुम्ही लिहिलंय की तुमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली आहे. मग आपला इतिहास माहीत असायला हवा. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरन (वरच्या ब्रदरन संगती वेगळ्या), डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. त्याआधी चाळीसएक वर्षं बोलणी चालू होती, आणि त्यातली एक मोठी गाठ नेमका तुमचाच प्रश्न होता: कोणाची दीक्षा खरी? अँग्लिकनांना बिशपांचे हात महत्त्वाचे, काँग्रिगेशनलांना मंडळीचं बोलावणं महत्त्वाचं. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा सगळ्यांची आधीची दीक्षा आहे तशी मानली गेली आणि पुढच्या दीक्षा बिशपांकडून व्हाव्यात असं ठरलं. नागपूरला सगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून घेतले. माझ्यापेक्षा तुझी दीक्षा कमी आहे, असं कोणी कोणाला म्हणायचं नाही, हा त्यामागचा भाव. मला हे फार मोलाचं वाटतं. अधिकार ही एकट्याने धरून ठेवायची वस्तू नाही, तो दुसऱ्याच्या हातून घ्यायचा असतो, हे त्या सगळ्या मोठ्या माणसांनी सगळ्यांसमोर मान्य केलं.

पाळक नसताना काय करायचं, हा प्रश्न इतिहासात तुमच्यापेक्षा कितीतरी कठीण अवस्थेत लोकांना पडलेला आहे. कोरियात कॅथलिक विश्वास गेला तो कोणा मिशनऱ्याने नेला म्हणून नाही. यी सुंग-हून नावाचा एक विद्वान १७८४ साली बेजिंगला बाप्तिस्मा घेऊन परत आला आणि त्याने मित्रांना बाप्तिस्मा दिला. दोनेक वर्षांत मंडळी इतकी वाढली की त्यांनी आपल्यातूनच काही जणांना धर्मगुरू नेमलं आणि मिस्सा, पापकबुली सगळं सुरू केलं. मनात खोट नव्हती, त्यांनी परंपरा नुसती ऐकून-वाचून उचलली होती. पुढे त्यांच्यातल्याच एकाला धर्मग्रंथ वाचताना शंका आली की आपल्याला हा अधिकार आहे का. त्यांनी सगळं थांबवलं आणि लपतछपत बेजिंगच्या बिशपांना पत्र पाठवलं. उत्तर आलं की बाप्तिस्मा देत राहा, मिस्सा करू नका. त्यांनी ऐकलं. झोउ वेनमो हा चिनी धर्मगुरू त्यांच्यापर्यंत पोचला तो १७९४ च्या अखेरीस. मधली वर्षं प्रभुभोजनाविना गेली, छळ चालूच होता, आणि मंडळी मात्र वाढत गेली, सगळी प्रापंचिक माणसांच्या जिवावर. शिकवणं, प्रार्थना, तुरुंगातल्यांची काळजी, पुस्तकं हातानं उतरवून काढणं, हे त्यांचं याजकपण होतं आणि त्यात काहीच कमी नव्हतं.

जपानचंही असंच. १६१४ च्या बंदीनंतर धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. नागासाकीच्या आसपासच्या गावांत लोकांनी दोनशेहून अधिक वर्षं गुपचूप विश्वास जपला. १८६५ साली ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी फ्रेंच फादरांकडे आले आणि आमचंही मन तुमच्यासारखंच आहे असं त्यांनी सांगितलं, तेव्हा जगाला कळलं. इतकी वर्षं एकही धर्मगुरू नसताना बाप्तिस्मे होत राहिले. पण त्या गावांतही बाप्तिस्मा देणारा माणूस ठरलेला असे, आणि सणवारांचा हिशेब ठेवणारा दुसरा ठरलेला असे. ज्याला वाटलं त्याने उठून करावं, असं त्या टोकाच्या अवस्थेतही नव्हतं.

आता प्रभुभोजनाबद्दल. नव्या करारात भाकर कोणी मोडावी याचा नियम दिलेला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. करिंथच्या मंडळीवर पौल या बाबतीत फार चिडतो, पण त्याचं कारण दीक्षित माणूस नव्हता हे नाही. श्रीमंत आधी येऊन पोटभर खात आणि गरीब मागून येऊन उपाशी राहत, हे त्याचं कारण. "एकमेकांसाठी थांबा" हा त्याचा उपाय आहे (१ करिंथ ११:३३). म्हणजे पौलाच्या लेखी मेज हे सगळ्या मंडळीचं एकत्र असणं आहे. ते ज्यातून फाटतं ते मेजाविरुद्धचं पाप.

म्हणून पाळकांनी नाही म्हटलं, मी देऊनच दाखवते, अशा मनाने तुम्ही आजीकडे भाकर-द्राक्षारस घेऊन जाऊ नका. त्यात अपवित्र काही घडेल म्हणून मी हे म्हणत नाही. उद्या गावात दोन तट पडतील, काही घरं तुमच्याकडून घेतील, काही पाळकांची वाट पाहतील, आणि एकत्र असण्याचा विधी वेगळं होण्याची खूण बनेल, ही माझी भीती आहे. मी हे एकाहून अधिक गावांत घडताना पाहिलंय. त्या भांडणांची मुळं शोधत गेलं तर शास्त्रार्थ क्वचितच सापडतो. कोणीतरी कोणाला विचारलं नाही, एवढंच सापडतं.

पण पाळकांचं "नाही" हा शेवट मानायचंही कारण नाही. आजारी माणसाला दोन महिने प्रभुभोजनाविना ठेवणं ही मंडळीची चूक आहे, आणि ती सुधारायला रस्ते आहेत. पहिला रस्ता सरळ आहे. पाळकांनी पुढच्या भेटीत आधी आजींच्या घरी जावं, उपासना नंतर. हे हक्काने मागा. दुसरा रस्ता म्हणजे पाळक प्रभुभोजनाची उपासना घेतील त्याच दिवशी तिथली भाकर आणि द्राक्षारस वडिलांपैकी कोणी, किंवा तुम्ही स्वतः, त्यांच्या सांगण्यावरून आजारी घरी घेऊन जाणं. कॅथलिकांचं वर सांगितलं ते याचसाठी. यात विधी पाळकांनीच चालवलेला असतो आणि तुम्ही त्याच मेजाचा भाग आजींपर्यंत पोचवता. पाळकसाहेब कडक असले तरी यावर अडून बसण्याचं कारण त्यांना राहत नाही. धर्मप्रांताप्रमाणे (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाप्रमाणे) रीत थोडी बदलते, म्हणून त्यांनी बिशपांना विचारून घ्यावं. तिसरा रस्ता लांबचा आहे: पास्टरेट कमिटीने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने) ठराव करून तुमच्यासारख्या एखादीला किंवा एखाद्याला प्रशिक्षणासाठी पाठवावं आणि रीतसर जबाबदारी द्यावी, अशी मागणी धर्मप्रांताकडे करणं. एका पाळकाकडे इतकी गावं सोपवून मंडळीने वर्षानुवर्षं गप्प बसावं, हे मला पटत नाही. गरज गावात असेल तर नेमणूकही गावातून व्हायला हवी.

बाप्तिस्म्याचं थोडं निराळं आहे. दमस्कसमध्ये शौलावर हात ठेवायला प्रभूने हनन्याला पाठवलं, आणि लूक त्याला नुसता "शिष्य" म्हणतो. कर्नेल्याच्या घरी पेत्राने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली, स्वतः दिला असं लिहिलेलं नाही. पौल तर म्हणतो की मी क्रिस्प, गायस आणि स्तेफनासाच्या घरच्यांना तेवढा दिला. देणाऱ्या हाताला फार महत्त्व येऊ नये, हाच त्याचा रोख दिसतो. म्हणूनच बहुतेक जुन्या मंडळ्या मरणाच्या दारात असलेल्याला कोणीही विश्वासणाऱ्याने पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी दिलं तर ते मान्य करतात. लूथरनंतरच्या पिढीतला सुधारक कॅल्व्हिन याला हे मान्य नव्हतं, आणि त्याची परंपरा मानणारे आजही यावर थोडे अडतात. मला विचाराल तर, खरीच निकड असली तर द्या, आणि त्याच आठवड्यात पाळकांना कळवून रजिस्टरात नोंद करून घ्या. निकड नसेल तर थांबा, कारण बाप्तिस्मा मंडळीत घेण्यासाठीच असतो.

लग्न लावण्याच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका. प्रार्थनासंगतींत हल्ली "आपणच लावून टाकू" म्हणण्याची पद्धत पडते आहे, म्हणून सांगतो. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याखाली होतो, आणि तो लावण्याचा अधिकार कोणाला हे त्याच्या पाचव्या कलमात ठरवून दिलेलं आहे: बिशपांकडून दीक्षित, परवाना मिळालेले धर्मसेवक, विवाह निबंधक वगैरे. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला अडुसष्टाव्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पेत्राचं वचन तिथे वाचवायला येणार नाही, आणि त्या जोडप्याची कागदपत्रं अडकतील ती वेगळीच.

तुम्ही बाई आहात म्हणून पाळकांनी नाही म्हटलं असेल का, असं तुम्ही शेवटी भीतभीत लिहिलंय. असेल तर ते चूक आहे. आपल्या चर्चमध्ये बायांना दीक्षा मिळते. आणि दीक्षेच्या पलीकडे पाहिलं, तर पंडिता रमाबाईंवर कोणी पाळक म्हणून हात ठेवले नव्हते, तरी १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनात जे आत्मिक जागरण झालं ते त्यांच्या आणि मिशनातल्या मुलींच्या प्रार्थनेतून. अपुल्लोसारख्या नावाजलेल्या वक्त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला त्यात प्रिस्किल्ला होती, आणि लूकने तिचं नाव नवऱ्याच्या आधी घातलंय.

आजींकडे जायला तुम्हाला आजही कोणाची परवानगी लागत नाही. जा, वचन वाचा, हात धरून प्रार्थना करा. त्या मनातलं काही बोलल्या तर ऐकून घ्या आणि ख्रिस्ताच्या नावाने त्यांना क्षमेची खात्री द्या. याकोबाने सांगितलेलं "एकमेकांजवळ" ते हेच. हे पाळकाच्या कामाचं दुय्यम रूप आहे असं मनात आणू नका. पेत्राने ज्याला याजकपण म्हटलं ते नेमकं हे आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये सर्वांत कमी होतं तेही हेच, कारण सगळे पाळकाची वाट बघत बसतात.

पाळकसाहेबांना फोन करू नका, भेटून बोला, आणि जाताना मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर घ्या. "मला अधिकार आहे" या वाक्याने सुरुवात नको. "आजी मागताहेत, मंडळी त्यांच्यापर्यंत कशी पोचवेल?" असं विचारा. त्यांनी पुन्हा कोरह काढला तर निर्गम १९ आणि इब्री १० त्यांच्याबरोबर बसून वाचा. तरी उत्तर नाहीच आलं, तर पास्टरेट कमिटीच्या सचिवांना एका पानाचं पत्र द्या. त्यात आजींचं नाव, शेवटचं प्रभुभोजन कधी मिळालं ती तारीख आणि वरच्या तिन्हींपैकी कोणता रस्ता मंडळीला हवा आहे, एवढंच असू द्या. सह्या शक्य तितक्या घरांच्या घ्या आणि एक प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवा.